व्याहीभेट

शिवमनं त्याला उचललं तेव्हा मांडवातली सगळी माणसं हसली. हसायचीच जागा होती ती. माईकवाला ओरडला होता, "आता नवरीचे बंधू इंद्रजीतराव आणि नवरदेवाचे थोरले बंधू शिवमशेठ यांची भेट होईल," बँडवाल्यानं ढोलावर टोला हाणला होता, आणि व्याहीभेटीत तरण्या माणसांनी एकमेकाला उचलून दाखवायची रीतच आहे. ज्याचे पाय आधी सुटले त्याची बाजू हलकी, असं म्हणून बायका पदर तोंडाला लावून खिदळतात. आधी दोन्हीकडचे बाप भेटले, मग मामा-मामा भेटले, त्यातल्या एका मामाची टोपी पडली, ती उचलून पुन्हा घालण्यात थोडा वेळ गेला. मग हे दोघं. शिवमनं हात पसरले, इंद्रजीतनं पसरले. छातीला छाती लागली, पाठीमागं दोन मुठी एकमेकींत अडकल्या, नेमक्या बरगड्यांखाली, कण्यावर. हनुवटी खांद्याच्या खोबणीत येऊन बसली, नाकातून बारीक "हुं" निघालं आणि जमीन सुटली. आणि इंद्रजीतच्या अंगानं ओळखलं. तोंड अजून फोटोग्राफरकडं होतं, दात दिसत होते, डोक्याला काहीच पत्ता नव्हता. पण अंगाला कळून चुकलं होतं. डाव्या बरगड्या आतल्या आत दचकल्या, जशी मार खाल्लेली बैलं नुसती काठी हलली तरी कातडी थरथरवतात. हा दाब. ही उंची. हा गुडघा, जो माझ्या गुडघ्याला मध्ये येऊन अडवतो म्हणून मला पाय झाडता येत नाहीत. ही वेलदोड्याची वाफ कानामागं. माणूस तोंड बांधू शकतो, मिठी कशानं बांधणार?

"बरगडी जुळली म्हणं, पाव्हणं?" शिवम त्याच्या कानात म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखाद्याच्या पिकाची चौकशी करावी तसा आवाज.

त्यानं खाली ठेवलं. टाळ्या पडल्या. इंद्रजीतला वाटलं, संपलं. आता इथून निघून हात धुवायच्या नळापाशी जाऊ, तोंडावर पाणी मारू आणि मग विचार करू. पण फोटोग्राफर मान हलवत होता. "भाऊ, हललाय. एकदा परत घ्या. खाली बघू नका, माझ्याकडं बघा, हसून." आणि शिवम हसून पुढं झाला. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. मांडवात, बहिणीच्या लग्नात, व्याह्यांच्या चारशे माणसांसमोर काय कारण सांगणार? इंद्रजीतनं स्वतः हात पसरले. हे त्याला पुढं कितीदा आठवायचं होतं कोण जाणे, की दुसऱ्या वेळी हात त्यानं आपणहून पसरले.

दुसऱ्यांदा पाय सुटले तेव्हा त्याला शिवमच्या खांद्यावरून पलीकडचं दिसायला लागलं. गारखेड्यातलं हे मंगल कार्यालय, गुलाबी-पांढऱ्या पडद्यांचं, कूलरसमोर बसलेल्या म्हाताऱ्या, नवरदेवाच्या मित्रांची एकसारखी जाकिटं, मधोमध जमिनीवर सांडलेल्या फुलांच्या पाकळ्या. आणि त्याच खांद्यावरून, त्याच उंचीवरून, काही महिन्यांमागचा पैठण रोड. दुपारची तीनची उन्हं. पहिली पाळी सुटलेली, कंपनीची बस चितेगाव मागं टाकून शहराकडं निघालेली, आणि एक पांढरी बोलेरो आडवी. बसच्या ड्रायव्हरनं दार उघडलं. कुणी ठोठावलं नव्हतं, कुणी काच फोडली नव्हती; दार त्यानं आपल्या हातानं उघडलं आणि मग स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसला, सिग्नल लागल्यासारखा. काळे टीशर्ट, तोंडाला रुमाल. "कचरू कोन हाय?" कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना त्या सीटकडं वळल्या, आणि माना वळणं म्हणजे बोलणंच झालं. कचरूदादा चौथ्या सीटवर, इंद्रजीतशेजारी. ती त्याची नेहमीची जागा नव्हे. त्याला नेहमीची जागाच नव्हती. रोज वेगळ्या माणसाशेजारी बसायचा, कारण कंपनीत बोलायला बंदी, कॅन्टीनमध्ये कॅमेरा, गेटबाहेर सिक्युरिटीची माणसं; राहिली ती बस. चितेगाव ते रेल्वे स्टेशन एवढ्या वाटेत एक माणूस. असं सीट बदलत बदलत त्यानं अख्खी युनियन बांधली. त्या दिवशी इंद्रजीतचा नंबर होता, एवढंच.

लोक पुढं म्हणाले, इंद्रजीतनं मोठी हिंमत केली, नेत्यासाठी बसमधून उडी घेतली. खोटं. कचरूदादाला कॉलर धरून ओढलं तेव्हा इंद्रजीतच्या हातात त्याच्या शर्टाची बाही होती. त्यानं ती पकडली होती घाबरून, लहान पोरं गर्दीत आईचा पदर धरतात तशी, आणि सोडायचं सुचलं नाही म्हणून तोही पायऱ्यांवरून फरफटत खाली आला. खाली एकानं त्याला समोरून मिठी मारली. मारलं नाही, शिवी दिली नाही. मिठी मारली, उचललं, हनुवटी खांद्यावर ठेवली आणि "हुं" करून आवळलं. मागून दुसरा कुणी पाईपानं हाणत होता. मिठी मारणाऱ्याला प्रत्येक फटका आपल्या छातीवर कळत असणार, इतका तो जवळ होता. आणि त्याच्या खांद्यावरून इंद्रजीतला रस्त्याकडेची मोरी दिसत होती. मोरीच्या कठड्यावर त्यांनी कचरूदादाचं डोकं आडवं ठेवलं होतं. लाकूड फोडायच्या आधी ओंडका जसा पायानं सरळ करतात, तसं एकानं ते बुटानं सरळ केलं. कचरूदादा म्हणत होता, "अरे थांबा, चष्मा काढू द्या." खरंच म्हणत होता. आणि त्यांनी काढू दिला. चष्मा काढून त्यानं खिशात ठेवला, आणि मग.

"मस्त!" फोटोग्राफर म्हणाला. "आता खाली ठेवा."

नळाला पाणी नव्हतं. इंद्रजीत तसाच उभा राहिला, हात कोरड्या नळाखाली धरून. सकाळी चारपासून राबणारा नवरीचा भाऊ थकला असेल, असं समजून मावशीनं पाण्याची बाटली दिली. त्याला ठाणं आठवत होतं. दवाखान्यातून सुटल्यावर, छातीला पट्टा बांधलेला, तो जबाब द्यायला गेला तेव्हा साहेबानं त्याला आधी कपडे काढून बसवलं, कारण बसची काच फोडल्याचा गुन्हा त्याच्या आणि कचरूच्या नावावर आधीच दाखल झाला होता. कुणी फोडली ती काच? बसला फुटलेली काच तरी होती का? चड्डीवर, फरशीवर, सगळ्या शिपायांच्या चहाच्या येरझाऱ्यांत बसवून ठेवला. बसमधल्या बाकीच्यांचे जबाब होऊन गेले होते. सगळे झोपलेले होते. अख्खी बस. पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत, भर दुपारी तीन वाजता, दार उघडं, रस्त्यावर माणूस ओरडतोय, आणि सगळी बस गाढ झोपेत. कचरू पायरीवरून तोल जाऊन पडला असावा, असं ड्रायव्हरनं सांगितलं. त्यालाही नक्की माहीत नाही, कारण तोही, गाडी उभी करून, डुलकी घेत होता. त्या बसमध्ये असा एकही नव्हता ज्याच्या घरी कचरूदादा गेला नव्हता. पत्र्यावर ठोका घालणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी ती दाबल्याशिवाय ठोका पडू नये म्हणून. कंपनीनं एक बटण कायमचं दाबून टेप लावली, काम भरभर निघावं म्हणून, आणि ज्यांची बोटं गेली त्यांना हलगर्जीपणाचं पत्र दिलं. त्या बोटांसाठी उभी राहिलेली युनियन ती. आणि ती बोटं गेलेली माणसंसुद्धा झोपली होती. इंद्रजीत म्हणाला, मी नव्हतो झोपलेला. साहेबानं विचारलं, ओळखशील? तो म्हणाला, ज्यानं मला धरलं त्याला ओळखीन. साहेब खुर्चीत मागं रेलून हसला. "तोंड बांधलेलं होतं म्हणतोस. मग काय मिठीवरून ओळखणार का रे, बायकोसारखं?" सगळं ठाणं हसलं. चहावाला पण हसला.

आता ओळखलं होतं. आणि सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होता. वकिलानं कितीतरी खेटे घालून मिळवलेली तारीख. पोलिसांपुढं नाही, थेट कोर्टात, एकदा तिथं बोललं की कुणाला फिरवता येत नाही. फक्त नाव नव्हतं. नावासाठीच सगळं अडलं होतं. आणि नाव आता आत मांडवात व्याह्यांच्या पहिल्या रांगेत बसून पान खात होतं.

त्यानं बापाला गाठलं. काकासाहेब नवरीकडच्या पुरुषांच्या खोलीत आरशासमोर फेटा बांधून घेत होते, देवगाव रंगारीहून आलेला चुलता मागं उभा राहून शेमला ओढत होता. इंद्रजीतनं चुलत्याला बाहेर काढलं.

"आबा, शिवम कोन हाय म्हाईत हाय का तुमाला?"

काकासाहेबांनी आरशातून बघितलं. वळले नाहीत. "नवरदेवाचा भाऊ हाय. लेबर सप्लायचं काम हाय त्याचं."

"मला धरलं व्हतं ते त्यानं. पैठण रोडला. माझ्या अंगाला म्हाईत हाय."

म्हातारा फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. आणि त्या गुंडाळत राहण्यातून इंद्रजीतला हळूहळू, घशात काटा उतरावा तसं, कळत गेलं. हे स्थळ आपणहून चालत आलं होतं. हुंडा नको, मानपान नको, पोरगी नुसती नारळ देऊन द्या, कार्यालयाचा खर्च आमचा. चितेगावची माणसं, जमिनी कंपन्यांत गेलेली, घरासमोर दोन गाड्या. असल्या घरानं गारखेड्यात भाड्यानं राहणाऱ्या, पोराची नोकरी सुटलेल्या माणसाच्या दारात यावं? माय म्हणाली होती, देवानं डोळे उघडले. साखरपुड्याला थोरला भाऊ आला नव्हता. पुण्याला कामावर आहे, म्हणाले. सगळं किती सरळ होतं. किती सरळ दिसायला ठेवलं होतं.

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं."

"कुटं नव्हतं म्हाईत?" काकासाहेब एकदम वळले. डोळे लाल. "तू दवाखान्यात पडला व्हता तवा निरोप आला मला. पोरगं तुमचं डोस्क्यानं सनकी हाय, पुढच्या टायमाला मोरीवर त्येचं डोस्कं ऱ्हाईन म्हनले. काय करू मी? कोनाच्या दारात जाऊ? तुह्या त्या वकिलाच्या? मीच गेलो त्यांच्याकडं. मीच पोरगी दाखवली. सोयऱ्याच्या अंगाला कोनी हात लावत नसतं इंदर. दुष्मन आसला तरी. येवढं तरी राह्यलं हाय आपल्यात."

"आन मोनिकाच्या अंगाला?"

म्हातारा पुन्हा आरशाकडं वळला. "तिला कोन काय करीन? तू गप बसला तर." मग, जणू आतापर्यंत गिळलेलं बाहेर आलं, "तो कचरू तुह्या जातीचा ना पातीचा. त्याच्यापायी बापाला अर्ध्या वाटंत सोडून चालला व्हता तू. लाज वाटू दे जरा. बांध, हे टोक धर."

आणि इंद्रजीतनं टोक धरलं. सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण धरलं. बापाचा फेटा त्यानं नीट बांधून दिला, शेमला पाठीवर सोडला, खांद्यावरची धूळ झटकली. हात आपापलं काम करत होते. कंपनीतही असंच व्हायचं. प्रेस ठोके घालत राहायची, हात पत्रा सरकवत राहायचे आणि माणूस दुसरीकडंच कुठं असायचा. तिथं जगणं म्हणजे हेच होतं, की हातांना वेगळं करून ठेवायचं. ज्यानं हात आणि डोकं एकत्र आणलं त्याचं एकतर बोट जायचं नाहीतर नोकरी. कचरूदादा म्हणायचा, "इंद्र्या, हात तुझेच हायेत का बघ जरा एकदा." सकाळी गेटवर भेटला की इंद्रजीत मोठ्यानं म्हणायचा, "जय भीम दादा," आणि तो त्याहून मोठ्यानं, सिक्युरिटीला ऐकू जावं म्हणून, "जय शिवराय पाटील!" आणि दोघं हसायचे. त्या हसण्यात काय होतं? आपण दोघं मिळून कुणाला तरी फसवतोय अशी मजा होती. फसवत कुणालाच नव्हते.

मोनिकाच्या खोलीत बायकांचा कल्ला. त्यानं दारातूनच खूण केली, तसं मोनिकानं सगळ्यांना कसलं तरी काम सांगून बाहेर धाडलं. हिरवा चुडा, मुंडावळ्या, गालावर लावलेला तो पांढरट रंग. ही सात वर्षांची असताना त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची, आणि उतारावर ब्रेक लावला तर रागवायची.

"रडवू नको भैय्या," ती म्हणाली. "परत लावायला ती पार्लरवाली थांबलेली नाय."

"तुला बी म्हाईत व्हतं."

"मग? मला काय विकलंय का उचलून? मी व्हय म्हणलं."

"कामून?"

ती बांगड्या सारख्या करत राहिली. "तू रात्री कण्हत व्हता. भिंतीला तोंड करून. माय देवाला काय काय बोलत व्हती. मी म्हणलं, मला कुठंतरी जायचंच हाय. मग जिथं जाऊन भाऊ जिता ऱ्हाईन तिथंच जावं." मग तिनं वर बघितलं आणि इंद्रजीतला वाटलं, आता ही म्हणेल, सोमवारी जाऊ नको. ते तिनं म्हणावं अशी त्याला एकदम भूक लागली. कुणीतरी म्हणा. कुणीतरी माझ्या गळ्यात ती दोरी टाका, म्हणजे मला म्हणता येईल की दोरी होती. पण मोनिका म्हणाली, "सोमवारचं तुझं तू बघ. माझ्याकडं बघून काही करू नको. तो पोरगा, माझा नवरा, तो तसा नाय. त्याला यातलं काही म्हाईत नाय. पण घर त्याचं एकट्याचं नाय." एवढं बोलून तिनं टिकली दाबली, बोटाला लागलेलं कुंकू पुसलं आणि बाहेरच्यांना हाक मारली.

मंगलाष्टका झाल्या. तो अंतरपाटाच्या मागं उभा राहिला. प्रत्येक "सावधान"ला मूठभर तांदूळ टाकत गेला, आणि दरवेळी त्याला वाटे, हा शेवटचा, याच्यानंतर बोलायचं. माईक दोन पावलांवर होता. बोलायचं काय? अहो थांबा, या माणसानं मला मिठी मारली होती? अंतरपाट दूर झाला. बँड वाजला. मावशा रडल्या. त्यानं काही केलं नाही, आणि काही न केल्यामुळं ते सगळं झालं. जगातलं बरंचसं असंच होतं, कुणी करत नाही म्हणून.

लोक जेवणाकडं पांगायला लागले तेव्हा दारातून रूपावहिनी आली. कचरूदादाची बायको. तिच्या पुढं चाकाची खुर्ची, खुर्चीत कचरूदादा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मांडीवर आहेराची पिशवी, तीत एक साडी असणार. इंद्रजीतनं स्वतः घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. दादाच्या पायाला हात लावून, या म्हणाला होता. आता तिनं यायला नको होतं असं त्याला वाटलं, आणि ते वाटलेलं त्यानं लपवलं नाही, स्वतःपासूनसुद्धा.

"उशीर झाला भाऊ," रूपावहिनी घाम पुसत म्हणाली. "रिक्षावाले खुर्ची बघून थांबंनात. अक्षता टाकायच्या राहिल्या आमच्या." मग आवाज खाली आणून, "सोमवारी वकीलसाहेब दहाला बोलावतेत. मी गाडी सांगितलीय, तुम्हाला घेऊनच जाऊ. ह्यांना पण नेते. बघू दे म्हणलं जजला."

"व्हय," इंद्रजीत म्हणाला.

"कोन हे?" मागून चुलती कुजबुजली, पण कुजबुज अशी की सगळ्यांना ऐकू जावी. "शुभकार्यात असलं कशाला आनलं म्हनावं? आन बसवायचं कुटं यांना?"

रूपावहिनीला ऐकू आलं. ऐकू न आल्यासारखं करायची तिला आयुष्यभराची सवय होती. तिनं कचरूदादाच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली. कचरूदादाच्या डोक्याचं एका बाजूचं हाड डॉक्टरांनी काढून ठेवलेलं होतं, अजून बसवलं नव्हतं. तिथं नुसती कातडी, वर पांढरे खुरटे केस, आणि ती कातडी तान्ह्या पोराच्या टाळूसारखी वरखाली हलत होती. आतलं जिवंत असलेलं काहीतरी बाहेरून दिसत होतं. इंद्रजीतला ते दरवेळी बघवायचं नाही आणि दरवेळी तो तिथंच बघायचा.

"अरे, पाव्हण्यांचा सत्कार राहिला की!"

शिवम. हातात टॉवेल-टोपीचं ताट, मागं दोन पोरं. आलेल्या प्रत्येक पुरुष पाहुण्याच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर पांढरी टोपी, हा व्याह्यांकडचा मान. तो सकाळपासून देत फिरत होता. त्यानं वाकून कचरूदादाच्या खांद्यावर टॉवेल पसरला, दोन्ही टोकं नीट सारखी केली. त्याच्या हातांना घाई नव्हती. मग टोपी उघडली, दोन्ही अंगठ्यांनी तिची घडी मोकळी केली आणि ती त्या डोक्यावर घातली. आणि वरून थापटली. हलकेच. त्या बाजूला. जिथं हाड नव्हतं तिथं.

"बसली बगा बराबर," शिवम म्हणाला. "डोस्कं जपा दादा. लई नाजूक चीज हाय ती."

पोरं हसली. विनोद काय ते त्यांना कळलं नव्हतं, शेठ बोलले म्हणून हसली. कचरूदादाचा जबडा हलायला लागला. त्याच्या घशात आवाज राहिला नव्हता, पण सगळं अंग बोलायला लागलं. गुडघे एकमेकांवर आपटायला लागले, आहेराची पिशवी खाली पडली, पांढऱ्या पँटवर मांडीपाशी एक ओला डाग उमटला आणि मोठा होत गेला. डाग बघून चुलती "अगं बाई" म्हणून मागं सरली. रूपावहिनीनं डागाकडं बघितलं. मग शिवमकडं बघितलं. मग, सगळ्यात शेवटी, इंद्रजीतकडं. हसऱ्या शिवमकडून इंद्रजीतकडं येईपर्यंत तिच्या डोळ्यांत एक प्रश्न पुरा तयार झाला होता. तिला काही सांगावं लागलं नव्हतं. नवऱ्याच्या अंगानं सांगितलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली. "हा कोन?"

उत्तर एक शब्दाचं होतं. तेच नाव जे वकील चार महिने मागत होता. इंद्रजीतनं शिवमकडं बघितलं नाही. त्यानं स्टेजकडं बघितलं. तिथं मोनिका नवऱ्याशेजारी बसली होती, होमाच्या धुरात, आणि या गर्दीत काय चाललंय ते बघायला मान उंच करत होती.

"व्याही हायेत आमचे," इंद्रजीत म्हणाला.

शिवम त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकदा दाबून पुढच्या पाहुण्याकडं गेला.

"चला वहिनी, दादाला जरा बाहेर घेऊ, वाऱ्याला," असं म्हणत इंद्रजीतनं खुर्ची वळवली. वाऱ्याला म्हणाला तो, पण नेली मागच्या बाजूला, जिथं भांडी घासायच्या बायका बसल्या होत्या आणि खरकट्याचे ढीग होते. तिथं कुणाला दिसत नव्हतं. रूपावहिनी मागून पिशवी घेऊन येत होती. त्यानं खुर्ची भिंतीला लावली, आणि हात काढून घ्यायला गेला तेव्हा कचरूदादानं त्याचं मनगट धरलं. उजवा हात तेवढा थोडाफार चालायचा. पण त्या हातानं एकदा धरलं की सुटत नसे, मेंदूतून सोडायचा हुकूम खालपर्यंत यायचाच नाही. घरी रूपावहिनी मग त्याच्या हाताच्या पाठीवर तळव्यानं हळूहळू चोळत बसायची, गोष्टी सांगत, आणि बऱ्याच वेळानं बोटं आपोआप सैल पडायची. इंद्रजीतनं हे कितीतरी वेळा बघितलं होतं. स्वतःही चोळलं होतं.

"नवरीचे बंधू इंद्रजीतराव!" माईक. "कानपिळीचा मान! लवकर स्टेजवर यावं. गुरुजी थांबलेत."

"सोडा दादा," तो म्हणाला. चोळायला लागला. कचरूदादा त्याच्याकडं बघत होता. चष्मा नव्हता. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं.

"इंद्रजीतराव! नवरदेवाचा कान वाट बघतोय!" मांडवात हशा. "का भाऊ घाबरला?"

त्यानं करंगळी धरून उचकटली. मग दुसरं बोट. ते निघालं की पहिलं परत मिटे. तो जोर लावायला लागला. कपाळावर घाम आला. भांडी घासणाऱ्या बायकांनी हात थांबवले. कुठूनतरी तो रागावला होता, भयंकर रागावला होता, या हातावर, या लाळेवर, या जिवंत राहिलेल्या माणसावर, की हा त्या दिवशी मेला असता तर आज मला इतकं खाली उतरावं लागलं नसतं. "सोड म्हणलं ना," तो दातांवर दात ठेवून म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा एकेरीवर येऊन, आणि अंगठा उलटा दाबला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. बारीक. पण तिथं उभ्या सगळ्यांना ऐकू गेला.

कचरूदादाचं तोंड उघडं राहिलं. आवाज आला नाही. हात सुटला.

रूपावहिनी पिशवी छातीशी धरून उभी होती. ती ओरडेल असं त्याला वाटलं. तिनं पुढं येऊन तो अंगठा आपल्या तळहातावर घेतला, बघितला, आणि पदराचं टोक फाडायला दात लावले. मान वर न करताच म्हणाली, "सुटलं ना तुमचं? जा मग. बोलवतेत तिकडं."

तो मांडवातून स्टेजकडं चालत गेला. लोकांनी वाट करून दिली, पाठीवर थापा मारल्या, कुणी म्हणालं, "जोरात पीळ रे, सोडू नको!" गुरुजींनी त्याला नवरदेवाच्या मागं उभं केलं. मोनिकानं वळून विचारलं, "काय झालं मागं?" तो म्हणाला, "काही नाय." त्याच्या मनगटावर लाळेचा आणि घामाचा ओलावा होता. तो त्यानं नव्या कोटाला पुसला, आणि नवरदेवाचा कान धरला.